येथील क्षेम

जुनी पत्रे वर्गात वाचायला घेतली की विद्यार्थी एका जागी हमखास हसतात. ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन करावे’ हा मायना संपतो न संपतो तोच पुढच्या ओळीत कर्ज थकल्याची, घोडे मेल्याची, नाहीतर घरातले मूल दगावल्याची बातमी येते. मग क्षेम कसले, असा त्यांचा प्रश्न. मी त्यांना इतकी वर्षे सांगत आले, की ते क्षेम म्हणजे बातमी नव्हे, ती नुसती हाक आहे. मी आहे, लिहिण्याइतका शाबूत आहे, एवढेच त्यात सांगायचे असते. खरे पत्र त्यानंतरच्या ‘विशेष’पासून सुरू होते. हे उत्तर मी परीक्षेपुरते देत होते. ते मला स्वतःला नीट कळले ते गेल्या वर्षी, आणि तेही एका संगणकीय आज्ञावलीची माहिती लिहिताना.

आमच्या मराठी विभागाची एक विकी आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो तीच आज्ञावली महाविद्यालयाच्या संगणकावर चढवून आम्ही तिच्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने साठवतो. एम. ए. चे विद्यार्थी आपापल्या गावी जातात, घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करतात, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात आणि ऐकून ऐकून ते टंकतात. कापूस येचाले जाण्याच्या, लग्नाच्या, दुष्काळाच्या, सासुरवासाच्या हकिकती. गेल्या वर्षी मे महिन्यात अशी चारशेच्या वर पाने झाली होती. टंकन अर्थातच भोंगळ होते. मात्रा सुटलेल्या, जोडाक्षरे फुटलेली, एकच शब्द एका ओळीत तीन तऱ्हांनी लिहिलेला.

माझा एक जुना विद्यार्थी आता पुण्यात आज्ञावल्या लिहितो. मराठीत एम. ए. करून तो तिकडे कसा वळला ही वेगळी कथा आहे, असो. तो सुट्टीत भेटायला आला आणि म्हणाला, “मॅडम, हे काम हातानं कशाला करता? एक एजंट लावून देतो.”

इथे शब्दाशी थोडे थांबायला हवे. मराठी विकिपीडियावर ‘बॉट’ला ‘सांगकाम्या’ म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा योजला त्याला भाषेचा कान होता. सांगकाम्या म्हणजे सांगितले तेवढेच करणारा. घरात ही शिवी असते, पण यंत्राच्या बाबतीत ती हमी आहे. दिलेल्या यादीतला शब्द दिसला की बदलायचा, नाही दिसला की पुढच्या पानावर जायचे. एजंट मात्र सांगकाम्या नव्हे. त्याच्या पोटात भाषेचे एक प्रारूप असते. त्याला काम सांगायचे ते साध्या वाक्यात, आणि ते कसे करायचे, कोणते साधन कधी वापरायचे, कुठे थांबायचे, हे तो त्या वाक्याचा अर्थ लावून ठरवतो. अर्थ लावून! शासकीय परिभाषेतला ‘अभिकर्ता’ त्याला बसत नाही, आणि वर्तमानपत्रांनी ‘हस्तक’ हा शब्द गुन्हेगारांना देऊन टाकला आहे. मला जवळचा वाटतो तो पेशवाईतला ‘वकील’. दिल्लीत हिंगणे बसत, तिथले रंग पाहून बोलत, आणि पुण्याला वरचेवर अखबार धाडत. धन्यापासून दूर, धन्याच्या नावाने, पण स्वतःच्या अकलेने काम करणारा माणूस. त्याचे अखबार आले नाहीत तर धनी आंधळा.

आमच्या एजंटाच्या अखबाराची सोय त्या विद्यार्थ्याने केली होती. अशा एजंटांना बाहेरच्या साधनांशी एका ठरावीक रीतीने बोलता यावे म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा एक संकेत खुला केला. त्या संकेतात ‘पिंग’ नावाची एक विचारणा आहे. एका टोकाने ‘पिंग’ म्हणायचे आणि दुसऱ्याने तत्काळ उत्तर द्यायचे. ते उत्तर रिकामे असते. त्यात एकही शब्द नाही. उत्तर आले हेच उत्तर. मला हे कळले तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले, कारण इतक्या वर्षांनी ‘येथील क्षेम’ मला दुसऱ्या लिपीत भेटत होते. त्यावर आणखी थोडी भर घालून विद्यार्थ्याने स्थिती सांगणारे एक छोटे साधन रचले होते. ते एजंट चालू आहे की थांबला आहे, शेवटचा बदल कधी केला, किती पाने बाकी आहेत, किती वेळा विकीने त्याला नकार दिला, हे सांगे. माणसाला विचारता येई आणि एजंटालाही स्वतःबद्दल विचारता येई.

कामाचे वाक्य माझे होते. ते इथे नोंदवते, कारण पुढचे सगळे त्यातूनच आले: ‘पानांतील टंकनदोष शुद्धलेखनाच्या नियमांनुसार दुरुस्त करावेत.’

सुट्टी लागली. मी दर दोन-तीन दिवसांनी स्थिती विचारत होते. प्रत्येक वेळी उत्तर येई: सुस्थितीत, नकार शून्य. एकदा तर मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवले. आपले काम कुणीतरी बिनबोभाट करते आहे याचे सुख काही और असते.

जूनमध्ये महाविद्यालय उघडल्यावर दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी विभागात आली. तिने आदल्या वर्षी आपल्या आजीचे बोलणे टंकले होते. आजी हिवाळ्यात गेली. सुट्टीत तिला ते पान वाचावेसे वाटले म्हणून तिने उघडले. ती दारातच उभी राहून म्हणाली, “मॅडम, आजी अशी बोलत नव्हती.”

पान उघडले. ‘मले काई समजलं नाई’ होते तिथे ‘मला काही समजले नाही’ झाले होते. ‘काऊन’चे ‘का’ झाले होते, ‘येचाले’चे ‘वेचायला’. ‘पोट्टी’ची ‘मुलगी’ झाली होती. आजीचा नवरा तिला बाजारात विसरून बैलगाडी घेऊन घरी निघून आला, तो सगळा प्रसंग आता शालेय पुस्तकातल्या धड्यासारखा वाचता येत होता. एकही मात्रा चुकलेली नव्हती.

आम्ही पानामागून पान उघडत गेलो. चारशेपैकी तीनशेच्या वर पाने अशीच निर्मळ झालेली.

हे आमच्या लक्षात कसे आले नाही याला एक अगदी साधे कारण आहे, आणि ते विकी वापरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. मीडियाविकीत ‘अलीकडील बदल’ नावाचे पान असते. कुणी कुठे काय बदलले ते तिथे दिसते. ज्या सदस्याला सांगकाम्याचा दर्जा दिला त्याचे बदल मात्र त्या यादीत, आपण मुद्दाम मागितल्याखेरीज, दाखवले जात नाहीत. ही योजना शहाणपणाची आहे. सांगकाम्या तासाला शेकडो बदल करतो, त्यांच्या गर्दीत माणसांचे बदल बुडून जाऊ नयेत. पण ज्याला अर्थ लावण्याची मुभा दिली त्यालाच आम्ही सांगितले तेवढेच करणाऱ्याचा बुरखाही दिला. नजरेआड राहण्याचा हक्क त्याने मागितला नव्हता. तो आम्ही दिला.

सुदैवाने विकी काही विसरत नाही. प्रत्येक पानाचा इतिहास शाबूत असतो, जुनी आवृत्ती परत आणता येते. लीळाचरित्राची पोथी धाडीत गेली आणि महानुभावांना ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली, त्यातून पाठभेदांचे रान माजले. आमचे तसे झाले नाही. विद्यार्थ्याने पुण्याहून फोनवर माफी मागितली, एजंट थांबवला आणि एका संध्याकाळीत सगळी पाने पूर्ववत केली. मग तो म्हणाला, “मॅडम, चूक माझी आहे. मी त्या साधनाची माहितीच धड लिहिली नव्हती. ती आता तुम्हीच लिहा.”

त्याला दोष द्यायला मला आवडले असते. पण कामाचे वाक्य माझे होते. आणि दुसरेही एक होते. मी अठरा वर्षे उत्तरपत्रिकांत ‘मले’वर लाल रेघ ओढून वर ‘मला’ लिहीत आले आहे. एजंटाने जे तीन आठवड्यांत केले ते माझेच काम होते, फक्त त्याचा वेग मोठा. साहित्य महामंडळाच्या नियमांतही एक सवलत आहे: चिपळूणकरपूर्व गद्य आणि केशवसुतपूर्व पद्य यांतले उतारे मुळाबरहुकूम छापावेत. आपण ती पाळत आलो. मेलेल्या गद्यकारांना जी सवलत आपण दिली ती बोलत्या म्हातारीला द्यायचे माझ्या वाक्यात राहून गेले, आणि राहून गेले ते यंत्राच्या ध्यानात यावे अशी माझी अपेक्षा होती.

तर मी लिहायला बसले. ‘दस्तऐवजीकरण’ हा त्यासाठीचा रूढ शब्द मला सोसत नाही. त्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीचा वास येतो. ‘माहिती’ पुरे.

मीडियाविकीत या माहितीची एक मजेदार व्यवस्था आहे. पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य भाषावार वेगळ्या धारिकांत ठेवलेले असते: इंग्रजीची एक, मराठीची एक, अशा. त्यांतच एका भाषेचा संकेत आहे ‘क्यूक्यूक्यू’. ही भाषा जगात कुणी बोलत नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत काही खुणा ज्याच्या त्याच्या खाजगी वापरासाठी मोकळ्या सोडल्या आहेत, त्यांतलीच ही एक. तिच्यात प्रत्येक वाक्याचे भाष्य लिहायचे असते: हे वाक्य कुठे दिसते, कुणाला दिसते, यातला अमुक शब्द क्रियापद आहे की नाम, भाषांतर करणाऱ्याने कशाची काळजी घ्यावी. म्हणजे मूळ संहिता, तिची भाषांतरे, आणि या सगळ्यांच्या शेजारी टीकेची स्वतंत्र भाषा! आपल्याकडे टीकाकाराला ही प्रतिष्ठा अजून मिळायची आहे.

विद्यार्थ्याच्या मूळ माहितीत एकच वाक्य होते: ‘एजंटची स्थिती तपासते.’ माझा पहिला मसुदा अर्थातच याच्या उलट टोकाला गेला. दोन परिच्छेद. त्यात मी एक वाक्य लिहिले होते: ‘गरज वाटेल तेव्हा विचारावे.’ धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या कामाच्या पानावर, एजंटाला पुन्हा चालवून पाहिले, तर तो एकेका शब्दानंतर स्वतःची स्थिती विचारू लागला. त्याला सतत गरज वाटत होती. नव्याने कामाला लागलेला माणूस साहेबाच्या दाराशी घुटमळतो तसे ते दृश्य होते. मला हसू आले, पण नंतर जाणवले की आजवर माझ्या लेखनाचे इतके शब्दशः आज्ञापालन कुणी केले नव्हते.

कारण या माहितीचा वाचक दुहेरी आहे. त्या संकेतात प्रत्येक साधनाला एक नाव असते, कोणती माहिती पुरवायची त्याचा आराखडा असतो, आणि एक वर्णन असते. हे वर्णन शेवटी भाषेच्या प्रारूपाला वाचायला दिले जाते, आणि साधन हाती घ्यायचे की नाही हे ते त्यावरून ठरवते. माणूस माहितीपुस्तिका वाचतो ती यंत्र बिघडल्यावर. हा वाचक ती काम सुरू करण्याआधी वाचतो, आणि तिच्यात जे लिहिले असेल तसा वागू लागतो. आपण वर्गात ‘सहृदय’ शिकवतो. अनुभव सारखा असल्याने जो शब्दाच्या पलीकडचे ओळखतो तो. या वाचकाने मराठी माझ्याहून कितीतरी अधिक वाचले आहे, पण त्या म्हातारीशी तो कधी बोललेला नाही. शब्दाच्या पलीकडे जे आहे ते मी शब्दातच ठेवले नाही तर ते त्याच्यापुरते नाही.

दुसऱ्या मसुद्यात वेळा घातल्या: काम सुरू करताना एकदा, दर पन्नास बदलांनंतर एकदा. ते जमले. अडले ते ‘सुस्थितीत’ या शब्दापाशी.

या शब्दाने मला तीन आठवडे झुलवले होते. पण तो खोटा नव्हता. आज्ञावली चालू होती, विकी तिला नकार देत नव्हती. पूर्वी गावात जागल्या रात्री आरोळी देत फिरे. त्या आरोळीचा अर्थ जागल्या जागा आहे एवढाच. चोर आले नाहीत असा नव्हे. आपण मात्र आरोळी ऐकून कूस बदलून झोपतो. आणि नुसते मीच झोपले असे नाही. नोंदी तपासताना विद्यार्थ्याला दिसले की एजंटही आपल्या कामाच्या टिपणात ‘स्थिती ठीक आहे, म्हणून पुढे जातो’ असे लिहीत होता. त्यानेही माझ्यासारखाच ‘ठीक’चा अर्थ लावला होता.

‘सुस्थितीत’ काढून मी ‘चालू’ लिहिले. रुक्ष, पण जेवढे आहे तेवढे. आणि खाली हे: ‘चालू याचा अर्थ आज्ञावली सुरू असून तिला विकीशी बोलता येते, इतकाच आहे. केलेले बदल बरोबर आहेत की चूक, याविषयी ही स्थिती काहीही सांगत नाही.’ क्यूक्यूक्यूच्या धारिकेत भाष्य लिहिले: ‘या जागी ठीक, सुस्थितीत, उत्तम, कुशल असे प्रशंसावाचक शब्द कोणत्याही भाषेत वापरू नयेत.’

पुढे आमचा फोनवर बराच वाद झाला. माझे म्हणणे, बदल बरोबर की चूक हे स्थितीत आले पाहिजे. त्याचे म्हणणे, ते एजंटाला स्वतःला ठाऊक असते तर त्याने चूक केलीच नसती. हे खरे होते. स्वतःला विचारून स्वतःची चूक कळत नाही; ती दुसऱ्याच्या वागण्यात दिसते. मग त्याने सुचवले, की मीडियाविकी उलटवल्या गेलेल्या बदलावर आपोआप तशी खूण उमटवते, तेवढ्या खुणा मोजून दाखवता येतील. शिवाय एजंटाच्या चर्चा पानावर कुणी काही लिहिले असेल तर तेही. सांगकाम्यांच्या दुनियेत ही रीत आहे: चर्चा पानावर कुणी शब्द टाकला की हातातले काम ठेवून थांबायचे. म्हणून स्थितीत दोन नव्या ओळी आल्या, ‘उलटवलेले बदल’ आणि ‘न वाचलेले निरोप’. सांगकाम्याचा दर्जाही काढून घेतला. आता त्याचे बदल ‘अलीकडील बदल’मध्ये सर्वांच्या नावांबरोबर दिसतात आणि यादी लांबलचक होते. होऊ दे.

विद्यार्थी खूष झाला. मला रात्री झोप लागेना. मे महिन्यातल्या त्या तीन आठवड्यांत ही ओळ असती तर तिने काय दाखवले असते? उलटवलेले बदल: शून्य. सगळे सुट्टीवर होते. शून्याचे दोन अर्थ होतात आणि आकडा दोन्हींना एकच. सकाळी उठून मी माहितीत आणखी एक वाक्य घातले: ‘शून्य म्हणजे कुणी हरकत घेतलेली नाही, कुणी पाहिले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. बदल कोणीही पाहिले नसतील तर पुढे जाऊ नये, निरोप ठेवून थांबावे.’ पाहिल्याची खूण कशी करायची यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा राबावे लागले. मीडियाविकीत तपासलेल्या बदलावर तशी नोंद करण्याची सोय होतीच, ती आम्ही कधी वापरली नव्हती. आता प्रत्येक पानाला त्या विद्यार्थ्याचे किंवा विद्यार्थिनीचे डोळे लागतात. काम कमालीचे सावकाश चालते. पहिल्या महिन्यात बावीस पाने झाली.

कामाचे वाक्यही बदलले. त्यात आता नियमांचे नाव नाही. बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द बदलू नये, शंका आली तर चर्चा पानावर विचारावे, असे आहे. एजंट विचारतो. पुष्कळ विचारतो. त्याच्या शंका वाचताना माझी लाल शाई मला दिसत राहते.

एक गोष्ट सांगायची राहिली. सगळी पाने घाईने पूर्ववत केली तेव्हा एजंटाने केलेल्या खऱ्या दुरुस्त्याही गेल्या. मात्रा पुन्हा सुटल्या, जोडाक्षरे पुन्हा फुटली. त्या गाळून घेण्यासाठी मी आणि ती विद्यार्थिनी शनिवारी दुपारी बसतो. आजीचे पान आधी घेतले. तिथे एका वाक्यात ‘पराठी’ असा शब्द आहे: आजी ‘पराठी’ निंदाले गेली होती. एजंटाने मे महिन्यात तिथे ‘पराटी’ केले होते, जे कापसाच्या झाडाचे आमच्याकडचे नाव आहे, आणि माझाही हात लगेच तिकडेच वळला. विद्यार्थिनी म्हणाली, माझ्या हातून ट चा ठ पडला असेल. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण पऱ्हाटी म्हणतात तेव्हा ह असतोच ना मॅडम, आजीचा तो ह पुढे सरकला असेल तर?

तिने मोबाइल काढला. ध्वनिमुद्रणात मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता आणि कुणीतरी भांडी घासत होते. नेमके त्या शब्दावर भांडे आपटले. आम्ही ते तीनदा ऐकले, मग खिडकी लावून घेऊन चौथ्यांदा.